मूठ इकडे, टोक तिकडे

"थांबव! गाडी थांबव म्हणतो ना! पेटी आडवी केलीन् मेल्यानं!"

बाबा बसच्या पुढ्यात दोन्ही हात पसरून उभे. बंगळूरची खासगी बस, आत चाळीस माणसं, खिडकीत लाजेने अर्धा झालेला मी. क्लीनरने डिकीत माझी आंब्याची पेटी सरकवताना जराशी कलती केली होती आणि बाबांच्या मते त्यामागे कट होता. त्यांचा आवाज ऐकून मांडवीच्या जेटीवर लागलेल्या दोन होड्यांनी नांगर उचलले. बरं, एकीनेच उचलला, पण उचलला. ड्रायव्हर स्वतः उतरला, पेटी सरळ केली, तेव्हा कुठे माझं स्थलांतर सुरू झालं.

निरोपाला आई रडली. बाबा खिडकीखाली येऊन एवढंच म्हणाले, "कोणी फार गोड बोललंन्, तर आधी त्याचे हात कुठे आहेत ते बघ."

तुम्ही जे रत्नागिरीतच राहिलात, त्यांना आमचं घर ठाऊक आहे. बाबांचा संशय ही गावाची सार्वजनिक सोय होती. कोणाला नवीन विळा, नवीन दोरी, नवीन जावई घ्यायचा असेल तर आधी बाबांना दाखवून न्यायचा. आमचं मांजरसुद्धा दूध हुंगायचं, आईचा चेहरा बघायचं, मग प्यायचं. आणि तुम्ही जे माझ्यासारखे बाहेर पडलात, त्यांना मी वेगळं काय सांगू? घरून आणलेलं लोणचं संपतं, घरून आणलेला संशय संपत नाही.

माझं तर पोटच त्याच्यावर चाललंय. बंगळूरला एका कंपनीत मी कॅथेटरची मूठ डिझाइन करतो. हे फोनवर सांगितलं तेव्हा शेजारच्या सुमनकाकूंनी वाडीभर केलं की इंजिनीअर होऊन पोरगा लघवीच्या नळ्या करतो. चार वर्षं मी सुट्टीला गेलो की म्हातारे मला कोपऱ्यात घेऊन आपापल्या तक्रारी सांगत. आता शेवटचं लिहून ठेवतो: आमची नळी जांघेतल्या शिरेतून शिरते आणि थेट हृदयात जाते. तिच्या भिंतीत केसाएवढ्या पोलादी तारा असतात. बाहेर डॉक्टरच्या हातात मूठ, मुठीवर चाक. चाक फिरवलं की तार ओढली जाते आणि आत, हातभर लांब, नळीचं टोक वळतं. हृदयात जिथून ठोक्याचा चुकीचा इशारा निघतो, ती जागा टोकाने गाठायची आणि जाळायची.

आमच्या क्लीनरूममध्ये शिंक आली तर फॉर्म भरावा लागतो. मी तिथे टोपी, मास्क, दोन हातमोजे चढवून दिवसभर एका नळीवर संशय घेत बसतो. चाक पाच हजार वेळा फिरवतो, टोक किती वळलं ते मोजतो. दुपारी डब्यात बिसिबेळे भात. घरमालकाशी माझं कन्नड असं, की तो हल्ली मराठी शिकायला लागलाय. शनिवारी व्हिडिओ कॉल. बाबा स्क्रीनवर फक्त कपाळ दाखवतात आणि विचारतात, "मागे कोण उभा आहे?" मागे माझाच टांगलेला शर्ट असतो.

आणि मग गेल्या वर्षी बाबांच्या छातीतलं घोडं उधळलं. मधेच ठोके धावायचे, मधेच चुकायचे. गोळ्या झाल्या. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, कॅथेटरने ती जागा जाळावी लागेल. सोय बंगळूरला, मी ओळखतो त्या हॉस्पिटलात, आणि तिथे वापरतात ती नळी आमचीच.

बाबा म्हणाले, "आधी नळी दाखव."

मी चाचणीतली एक वापरून बाद झालेली नळी घेऊन घरी गेलो. बाबांनी ती ओटीवर घेतली, चष्मा पुसला आणि कलमांना पाणी घालायच्या पारदर्शक पाइपाचा तुकडा घेऊन त्याला शिरेसारखी वळणं दिली. नळी आत सरकवली. चाक उजवीकडे, टोक वळलं. चाक डावीकडे. टोक हललं नाही. बाबा चाक फिरवत राहिले. अर्धा फेरा झाल्यावर टोक एकदम टुणकन उडी मारून परत आलं.

"खाते ही," बाबा म्हणाले. "उलट फिरवताना अर्धा फेरा खाते. तुला माहीत होतं?"

माहीत होतं. तारेला जरा ढील राहते. मीटिंगमध्ये त्यावर तीन दिवस वाद झाला होता आणि कागदावर खाली माझी सही होती.

"मर्यादेत आहे बाबा."

"कोणाच्या मर्यादेत?"

मग मला आपलं वाटलं, आता आपण चांगला मुलगा व्हावं. मी म्हटलं, "तुम्ही काळजी करू नका. तिथल्या डॉक्टरीणबाईंना सांगून तुमच्यासाठी दुसऱ्या कंपनीची मागवतो. बोललोय मी कालच."

बाबांनी नळी खाली ठेवली. ओरडले नाहीत, म्हणून आई स्वयंपाकघरातून धावत बाहेर आली.

आमच्याकडे एक रीत आहे. आंबे उतरवायची घळ, म्हणजे लांब बांबू, टोकाला जाळी आणि पातं. जो घळ बांधतो त्याने ती पहिल्यांदा दारातल्या कलमावर चालवायची आणि खाली त्याचाच बाप उभा राहायचा, बोडक्या डोक्याने. देठ चुकला तर आंबा बापाच्या टाळक्यात आणि चीक डोळ्यात. त्याशिवाय ती घळ दुसऱ्याच्या बागेत जात नाही. माझ्या पहिल्या घळीचा व्रण बाबांच्या भुवईवर अजून आहे.

"बाकीच्यांच्या बापांना ही," बाबा म्हणाले, "आणि तुझ्या बापाला दुसरी. कोणी शिकवलंन् तुला हे?"

"अहो, नका हो ताणू," आई म्हणाली. "जिवाशी गाठ आहे."

"म्हणूनच तर. हीच घालायची. आणि ती कुठे खाते ते ह्याने डॉक्टरणीला तोंडाने सांगायचं, मी खाटेवर असताना, माझ्यासमोर. वाकडी घळसुद्धा चालते गो, हाताला तिची खोड माहीत असली तर."

मी बरंच काही सांगत असतो, पण हे खरं आहे: त्या दिवशी पहिल्यांदा मला माझ्याच कामाची भीती वाटली. पाच हजार वेळा फिरवलेल्या चाकाच्या दुसऱ्या टोकाला तोपर्यंत कोणी माणूस नव्हताच.

बाबा बंगळूरला आले. लिफ्टवर संशय, नळाच्या पाण्यावर संशय, हॉस्पिटलच्या गाऊनला मागून बंद नाहीत यावर तर सखोल चौकशी. खाटेवर झोपले आणि माझ्याकडे बघत राहिले. मी डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. ढील, अर्धा फेरा, उडी, माझी सही. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि आत गेल्या.

तीन तास. मी बाहेरच्या खुर्चीवर बसून सगळे देव आळवले, ज्यांच्याशी माझं भांडण आहे तेही. मग बाबा बाहेर आले, ठोके रांगेने शाळेला निघाल्यासारखे. शुद्धीवर येताच पहिला प्रश्न, "माझं घड्याळ कोणाकडे आहे?"

आता ते परत गेलेत. घर कुठे, असं विचारलं तर मी पूर्वी समुद्र, कलमं, माशांचा वास, असलं काहीतरी डोळे ओले करून सांगायचो. आता सांगत नाही. "कोणाच्या मर्यादेत?" असं विचारायचा हक्क ज्याला आहे, तो माणूस जिथे बसतो, ते माझं घर. ओटी तीच, पण तो प्रश्न आता माझ्या टेबलावरही येऊन बसलाय. मी माझ्या सहीची ती फाइल पुन्हा उघडलीय. वरचे नाराज आहेत. दोघेजण हल्ली माझ्याशी फार गोड बोलतात.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरीणबाईंचे आभार मानायला गेलो होतो. छाती थोडी पुढे होतीच. एवढं मोठं सत्य सांगणारा इंजिनीअर त्यांना जन्मात भेटला नसणार! मी म्हटलं, "मॅडम, मी आधी सांगितलं त्याचा उपयोग झाला ना?"

त्या कागदावरून मान वर न करता म्हणाल्या, "आम्हाला पहिल्या महिन्यापासून माहीत आहे. तुमच्या कंपनीला तीनदा लिहून कळवलंय."