तात्यांच्या वाटचा दाणा

नसरापूरच्या नव्या भातगिरणीनं दिलावरला जवळजवळ दुप्पट पगारावर बोलावलंय, हे कळलं आणि कुंडलिकतात्यांच्या पोटात दुखायला लागलं. दुखणारच. वेल्ह्याच्या या गिरणीत तात्यांची बावीस वर्षं भुशात गेली. दिलावर आला तेव्हा त्याला तूस आणि कोंडा यातला फरक कळत नव्हता. गिरणीचे रबरी रोल किती आवळायचे, किती सैल सोडायचे, सगळं तात्यांनी हाताला धरून शिकवलं. आणि बोलावणं कुणाला? तर शिष्याला! तात्यांना कुणी साधं विचारलंही नाही.

त्यात एक गोष्ट झाकलेली होती. पोतं ओतण्याआधी दाणा दाढेखाली फोडून बघायचा, ही गिरणीतली रीत. कट्‌कन तुटला तर वाळलेला. चेपला तर ओला, म्हणजे तांदळाची कणी होणार. दोन वर्षांपूर्वी तात्यांच्या दाढा गेल्या. तेव्हापासून दाणा फोडायचा दिलावर. तो हळूच मान हलवायचा आणि तात्या तोंडातले दाणे नुसतेच घोळवून ऐटीत सांगायचे, "अजून दोन दिस ऊन दाखवा." मालकालाही पत्ता नव्हता.

अशा माणसाचा हेवा वाटतो याची तात्यांना लाज वाटायची, पण हेवा काही कमी होत नव्हता. दिलावर हसला आणि त्याचे दात दिसले तरी त्यांचं डोकं फिरायचं.

शनिवारी जेवताना दिलावरनं विचारलं, "तात्या, तुमी सांगाल तसं. जाऊ का नको?"

"नको," तात्या म्हणाले. "लई वंगाळ मालक हाय. तितं मानूस म्हैनाभर टिकत न्हाई."

त्या मालकाला त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

"मंग न्हाई जात," दिलावर म्हणाला आणि तिथंच फोन लावून नकार देऊन मोकळा झाला. तात्यांनी त्या दिवशी आमटीत कुस्करून एक भाकरी जास्त खाल्ली.

आठवड्यानं दिलावरची बायको महेजबीन घरचं भात घेऊन गिरणीत आली. दिलावर मालकाबरोबर बाहेर गेला होता. तात्यांनी उगाच विषय काढला, "बरं झालं, ऐकलं त्यानं माजं."

"तुमचं कुठलं, तात्या? जायचं न्हाई, हे ह्यांचं आदीच ठरलं हुतं. म्या लई भांडले, पोरांच्या शाळंच्या खर्चाचं सांगितलं. तर म्हनले, मी गेल्यावर तात्यांच्या वाटचा दाना कोन फोडंल? तुमाला इचारलं ते आपलं मान म्हनून."

तात्यांच्या अंगाची आग आग झाली. हुन्नर याच्याकडे, दात याचे शाबूत, आणि वर मनही याचंच मोठं! सगळं एकाच माणसाला का द्यावं देवानं?

"त्याला म्हनावं जा!" ते ओरडले. "आत्ताच्या आत्ता फोन लाव. माजं मी बघीन."

"आता कुठं, तात्या? परवाच दुसरा मानूस घेतला त्यांनी."

महेजबीन भाताचं पोतं ठेवून निघून गेली. आता दिलावर कुठंही जाणार नव्हता. रोज समोर उभा राहणार होता, आणि त्याचे उपकार तात्यांना रोज घ्यावे लागणार होते.