धायरीच्या शाळेची लाकडी जमीन

बडोद्याहून बस सुटता सुटता हिने खिडकीखालून खुणेनं बजावलं, "तिथं जाऊन भांडू नका." आता मी निघालोच होतो भांडायला, हे तिला कुठल्या तोंडानं सांगणार! मी मान डोलावली आणि पडदा ओढून घेतला.

मी जन्माचा बहिरा. सरकारी कागदावर कर्णबधिर, घरी नुसता बहिरा. धायरीच्या निवासी शाळेत मी नऊ वर्षं काढली. त्या शाळेचं पत्र आलं होतं. शाळेचा मास्टर प्लॅन (पुढच्या वीस वर्षांत काय पाडायचं, काय दुरुस्त करायचं, आधी काय आणि मग काय, याचा आराखडा) ठरतोय, तर जुन्या विद्यार्थ्यांनी येऊन मत द्यावं. सोबत नकाशा होता. त्यात आमचा जुना हॉल लाल रंगवलेला. लाल म्हणजे पाडायचा. त्या हॉलची जमीन लाकडी आहे, आणि ती मला वाचवायची होती.

सकाळी पुण्यात उतरलो तो थेट शनिवार पेठेत. मिसळ पोटात गेल्याशिवाय माझं डोकं चालत नाही. दुकानात पाटी होती, 'नंबर एकदाच पुकारला जाईल'. घ्या! मी चिठ्ठी धरून उभा, आणि मागून आलेली माणसं खाऊन हात पुसत निघाली. शेवटी मालकापुढे गेलो.

"पुकारला होता तुमचा नंबर. पाटी वाचली नाहीत?" त्याचे ओठ मला स्वच्छ वाचता आले.

मी कागदावर लिहिलं, "पाटी वाचली. नंबर ऐकू आला नाही."

त्याने कागद वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि मिसळ स्वतः आणून ठेवली. माफीबिफी नाही हं! पण रस्सा न मागता दोनदा आला.

रिक्षावाला सिंहगड रोडभर आरशात बघून बोलत होता. वडगावच्या सिग्नलला मी कानाकडे बोट दाखवलं. त्याने कपाळावर हात मारला आणि मोबाइलवर लिहून दाखवलं, "आधी सांगायचं ना काका! सासूबद्दल सगळं सांगून बसलो." दोघंही पोट धरून हसलो.

धायरी तेव्हा गाव होतं. शनिवारी रांग करून आम्ही खडकवासल्यापर्यंत चालत जायचो, वाटेत दोन्ही बाजूंना ज्वारी. शाळेच्या फाटकातून सिंहगड दिसायचा. आता समोरच्या इमारतीतलं वाळत घातलेलं धुणं दिसतं. मी उगाच मान वाकडी करकरून गड शोधत राहिलो.

फाटकावर मुख्याध्यापक शेखसर भेटले. त्यांचे आईवडील दोघंही बहिरे, त्यामुळे खुणांची भाषा त्यांच्या घरचीच. "बैठकीला वेळ आहे. आधी हॉल बघून घ्या," ते म्हणाले.

मी बूट काढले. पाय टेकवला आणि एकदा आपटूनच बघितला हो! इथं आम्ही चाळीस मुलं सतरंज्यांवर झोपायचो. रेक्टरकाका (वसतिगृहाचे प्रमुख) दारात उभे राहून पाय आपटायचे, तो ठोका फळ्यांतून सगळ्यांच्या अंगात शिरायचा. एकदा आपटला की उठा. दोनदा, जेवायला चला. तीनदा, घरून कुणीतरी आलंय. रविवारी तीनदा जमीन हलली की चाळीस माना वर व्हायच्या. माझे आबा वर्षातून दोनदा यायचे. उरलेले सगळे रविवार मी तळपाय टेकवून वाट बघत बसायचो. साठी आली, तरी त्या तीन ठोक्यांसाठी जीव तुटतो.

बैठकीत आर्किटेक्ट होती अदिती, तिशीची असेल. शेखसर तिचं बोलणं खुणांत सांगत होते, माझं तिला बोलून.

"अहो काका, वाळवी लागलीय. तुळया आतून पोखरल्यात."

"तुळया बदला. फळ्या ठेवा."

"करता येईल," ती म्हणाली. तिने आढेवेढे घेतले नाहीत, नकाशा पसरला. "पण मुलींचं नवं वसतिगृह बांधायला हीच एक जागा आहे. हॉल पाडला तर ते पहिल्या टप्प्यात होतं. ठेवला तर आधी वर्कशॉप हलवून जागा करावी लागेल. म्हणजे दुसरा टप्पा. पाच वर्षं."

"मग नव्या इमारतीत लाकूड घाला."

"आगीचे नियम आड येतात. फरशीच करावी लागेल. हाक मारायला दिवे लावू, उघडझाप करणारे."

"डोळे मिटलेल्याला दिवा दिसतो का?"

तिने ते वहीत लिहून घेतलं. "फरशीखाली काही करता येतं का, बघते." पुण्यात 'बघते' म्हणजे काय, ते मी तुम्हाला सांगायला नको.

तेवढ्यात नववीतली प्रज्ञा उभी राहिली. तिच्या खुणा झरझर, धारदार. "आम्ही पन्नास मुली. न्हाणीघरं तीन. पहाटे चारपासून रांग. पाळी आली की वर्ग बुडतो." मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, "काका, तुम्ही किती दिवस आहात?"

"दुपारच्या बसनं निघणार."

"आम्ही इथंच राहतो," ती म्हणाली आणि खाली बसली. त्यात कुचकेपणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं.

शेखसरांनी हात वर करायला सांगितले. हॉल पहिल्या टप्प्यात पाडावा, असं कुणाकुणाला वाटतं? मुलींचे हात वर गेले, शिक्षकांचे गेले. मी क्षणभर मांडीवरच्या माझ्या हातांकडे पाहिलं. मग उजवा उचलला. दुसरं काय करणार होतो? शेखसरांनी मोजताना माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

घरी पोहोचलो तसं हिने विचारलं, "भांडलात?"

"भांडलो. मग त्यांच्याच बाजूनं मत दिलं."

मी केलं ते बरोबरच केलं, पुन्हा विचारलं तरी हात वरच करीन. पण कुणी विचारलंच, की त्या जुन्या फळ्यांत एवढं काय होतं, तर सांगतो. आमच्या घरात गुळगुळीत फरशी आहे. ही चहा घेऊन मागून येते, मायेनं खांद्यावर हात ठेवते आणि मी दचकतो. लग्नाला तीस वर्षं झाली, रोज दचकतो. त्या हॉलमध्ये मी नऊ वर्षांत एकदाही दचकलो नाही.