जवळचा कोड

‘‘साहेब, माझ्या पोरीचा पाय कापलेला नाही. उलटा लावलाय. तुम्ही कापला म्हणून लिहिलंय.’’

आमच्या हॉस्पिटलच्या इन्शुरन्स काउंटरवर पाटील उभे होते. मूळचे खानापूरचे, महादेवपुऱ्यात एका कंपनीत फिटर. हातात विमा कंपनीचं नकाराचं पत्र.

मी मेडिकल कोडर. प्रत्येक ऑपरेशनला एक ठरावीक नंबर असतो, तो बिलावर टाकणं माझं काम. विमा कंपनी तो नंबर बघूनच ठरवते.

पाटलांच्या अकरा वर्षांच्या अश्विनीला गुडघ्याजवळ हाडाचा ट्यूमर होता. सर्जननी गुडघ्यासकट तो भाग काढला आणि खालचा पाय उलटा फिरवून मांडीला जोडला. टाच पुढे, बोटं मागे. घोटा आता गुडघ्याचं काम करणार होता. त्यासाठी पावलावर चढवायचा खास कृत्रिम पाय लागतो.

या ऑपरेशनला आमच्या यादीत कोड नव्हता. अशा वेळी ‘अनलिस्टेड’ टाकायचं आणि सर्जनचं पत्र जोडायचं, असा नियम. पण अनलिस्टेड म्हटलं की क्वेरी येते, फाइल अडकते. म्हणून आम्ही सर्रास जवळचा कोड टाकायचो. मी मांडीतून पाय कापल्याचा टाकला. बिल लगेच पास झालं. ‘‘फास्ट आहात, अण्णा,’’ टीम लीड शांतला म्हणाली. मला बरं वाटलं होतं.

आता पत्रात लिहिलं होतं : रेकॉर्डनुसार रुग्णाला पाऊल नाही, सबब पावलावरच्या कृत्रिम पायाची मागणी नामंजूर.

शांतलानं फाइल उघडली. ‘‘सर्जनच्या नोटमध्ये सगळं आहे की. वाचली नव्हती?’’

‘‘पहिलं पान वाचलं.’’

पाटील बोलले. ‘‘डॉक्टर म्हणाले, पाय लवकर मिळाला नाही तर घोटा आखडेल. सायकल चालवता येईल म्हणून पोरीनं स्वतः हो म्हटलंय, साहेब.’’

‘‘चूक माझी आहे. आजच दुरुस्ती पाठवतो.’’

‘‘सरी, ठीक आहे. पण किती दिवस?’’

पास झालेला कोड बदलायचा म्हणजे जुना क्लेम रद्द, नवा अर्ज, ऑडिट. मी रोज फोन केले. साडेचार महिने लागले.

पाय आला. अश्विनी तो लावून चालते, पण लंगडत. घोटा हवा तेवढा वाकत नाही. मधल्या काळात व्यायाम चालू होते, पण पाय लावून चालणं तेव्हाच व्हायला हवं होतं, असं फिजिओथेरपिस्टनी मला सांगितलं. कोडची गोष्ट त्यांना माहीत नव्हती. मीही सांगितली नाही.

यादीत कोड नसेल तर नाही असंच लिहावं. फाइल चार दिवस अडकते, एवढंच.