ताट कुठं वाढलं?

"ते राहू दे गं. ताट कुठं वाढलं ते सांग."

कुणी कुणाच्या घरच्या पाहुणचाराचं कौतुक सुरू केलं, की ती हनुवटी वर करून हेच विचारायची. आधी मला वाटायचं, पोरगी खादाड आहे.

आमच्या संस्थेचा तरुणांसाठी संवादाचा कार्यक्रम होता. डहाणूच्या किनाऱ्यावरची मच्छीमारांची मुलं आणि तलासरीच्या आदिवासी पाड्यांवरची मुलं चारोटीच्या एका हॉटेलातल्या हॉलमध्ये गोल करून बसायची, बोलायची. त्यातून म्हणे नेते घडणार होते. मी चहापाणी आणि हजेरी बघायचे. ती वेवजीच्या पाड्यावरची. शिबिराला आली आणि वर्षभरात आमची पाड्यांवरची संघटक झाली. तिच्या घरात महिन्याचा पगार आणणारी ती पहिलीच.

संस्था चालवणारे मुंबईचे सर मधोमध मेणबत्ती लावून म्हणायचे, "डोळे मिटा. मनातल्या भिंती पाडा." ती माझ्या कानाशी लागायची, "ताई, तुम्ही डोळे उघडे ठेवा हां. सतरंजी पेटेल."

तिची आई चिकूच्या वाडीत कामाला जायची. आईचा चहाचा कप मालकिणीने बाहेर कुंपणाशी वेगळा ठेवलेला असायचा. तो कप बघत ती मोठी झाली. पण म्हणून तिने आपल्या माणसांना सूट दिली असं नाही. सरांनी 'घरबदल' काढलं, एकमेकांच्या घरी राहून यायचं, तेव्हा किनाऱ्यावरच्या वरोरची एक मुलगी तिच्याकडे आली. मासळीचा वास येतो म्हणून हिचा भाऊ नाक मुरडत लांब बसला. हिने त्याचं ताट उचललं आणि त्या मुलीच्या ताटाला लावून ठेवलं. "इथं जेव, नाहीतर उपाशी ऱ्हा." मुकाट जेवला बिचारा. त्या पंगतीचा फोटो मीच काढला. तिघंही हसतायत.

पुढच्या बैठकीत तिच्याच पाड्यावरची एक अबोल मुलगी सांगत होती, "मी किनाऱ्यावर राहिले. काकू प्रेमळ आहेत. बोंबलाचं कालवण केलं होतं." टाळ्या पडल्या. हिने विचारलं, "ताट कुठं वाढलं?"

मुलीने मान खाली घातली. "बाहेर ओट्यावर."

"आणि घरचे?"

"आत."

"ताट कोणी धुतलं?"

"मीच. मग काकूंनी परत धुतलं."

त्या घरचा मुलगा समोरच बसला होता. दोन दिवसांनी समारोपाला पाहुण्यांपुढे बंधुभावावर तोच बोलणार होता. मला वाटलं, आता तरी सर काही बोलतील. सर हसले. "आपण इथे आरोप करायला जमलो नाही. पॉझिटिव्ह राहू या." मग तिला बाजूला घेऊन म्हणाले, "त्याची माफी माग. नाहीतर तुला कामावर ठेवणं मला कठीण जाईल."

"कशाची माफी, सर? मी वाढलं का ओट्यावर?"

दुसऱ्या दिवसापासून तिचं काम गेलं. मी भांडले, माझं कोण ऐकतो! हल्ली ती पहाटे वापीला कंपनीत पॅकिंगला जाते म्हणे. फोन लागत नाही.

समारोपाला मात्र स्टेजवर तिचा हा एवढा मोठा फोटो! तोच, पंगतीतला. त्याच्याकडे हात करून सर एकत्र जेवणावर बोलत होते, आवाज भरून आणत होते. मला अक्षरशः शिसारी आली. ज्या पोरीला हाकललं तिचंच हसू वापरताना ह्या माणसाला काहीच कसं वाटत नाही?

भाषणं संपली. पाहुणे टेबलांकडे वळले. तेवढ्यात ती अबोल मुलगी सरांच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. हनुवटी वर.

"सर, आमची ताटं कुठं वाढलीत?"

सरांच्या हातात प्लेट होती. पापड मोडत ते म्हणाले, "तुमचं ना बेटा? खाली, पार्किंगमध्ये."