नळी लांब की आखूड

बाबांना रिव्हॉल्व्हरचा परवाना मिळाला तेव्हा आमच्या घरात महिनाभर एकच विषय होता: नळी लांब घ्यायची की आखूड. दुकानदाराने फोनवर सांगितलं होतं, एकाची तीन इंच, दुसऱ्याची चार. म्हणजे वाद अवघ्या एका इंचाचा. तेवढ्यावर गावातले निम्मे पुरुष आमच्या ओट्यावर येऊन चहा पिऊन गेले.

अर्जात बाबांनी कारण लिहिलं होतं, 'शेत जंगलालगत, जीवितास धोका'. खोटं काहीच नव्हतं, फक्त बरंच गाळलेलं होतं. मोताळ्याकडचं आमचं एक वावर डोंगराला टेकलेलं आहे. घरी टाइल्स लावलेला संडास असूनही बाबांना पहाटे त्याच वावरात, बोरीच्या आडोशाला बसायची सवय. एका थंडीत ते असे टमरेल घेऊन बसलेले असताना बोरीच्या पलीकडून अस्वल आलं. ते बिचारं बोरं खायला आलं होतं, त्याचा काही वाईट हेतू नव्हता. बाबा उठले आणि पळाले. टमरेल तिथेच राहिलं, एक चप्पल तिथेच राहिली, आणि पायजम्याची नाडी बांधून व्हायच्या आत ते गावात पोचले. पारावर सात-आठ जण शेकोटीला बसलेले होते. पुढचं सांगायला नको.

त्या दिवसानंतर बाबांनी त्या वावरात पाऊल टाकलं नाही. गुडघे दुखतात, म्हणाले. वावर मात्र पडीक राहिलं नाही, कारण दुसऱ्या दिवसापासून आई जायला लागली. बोरीखालचं ते टमरेल तिनेच उचलून आणलं. ते विळ्याने टणटण वाजवत ती धुऱ्याच्या बांधावरून चालायची, म्हणजे आत कोणी असलंच तर आधीच निघून जावं. मागून तण निंदायला येणाऱ्या बाया. दोन वर्षं हे रोजचं होतं, आणि रोजचं झालं की त्याकडे बघायचं कोणी?

ओट्यावरच्या सभेत दोन पक्ष होते. काका लांब नळीचे. "दादा, रिव्हॉल्व्हर कमरेले लावलं तर दिसलं पायजे. पुढच्याले ते दिसलं का तो तथीच थंडा होते." शेजारचे फौजी, पंधरा वर्षं सैन्यात काढलेले, आखूडच्या बाजूचे. त्यांचं म्हणणं, लांब नळीने नेम चांगला लागतो हे खरं, पण ती काढायला वेळ जातो, बसलं की टोचते, आणि अस्वल काही पन्नास हातांवर उभं राहून तुमच्या नेमाची वाट बघत नाही.

"अन् खरं सांगू का," फौजी म्हणाले, "या गोळीनं अस्वल मरत नाई. रागावते."

मग काकांनी विषय पुन्हा रुबाबावर आणला.

चहा घेऊन आलेली आई म्हणाली, "लांबच घ्या. काढाले वेळ लागन, तोवर अस्वल निंघून जाईन."

सगळे खदाखदा हसले. मीही हसले. मी बुलढाण्याला शाळेत शिकवते, म्हणून दुकानदाराने पाठवलेलं इंग्रजी माहितीपत्रक वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं होतं. वजन किती, झटका किती, नेम धरायची माशी कुठे बसवलेली. मी इतक्या गंभीरपणे ते समजावत होते की जणू माझं अर्धं आयुष्य चकमकींत गेलं.

दुकानात मीच बाबांबरोबर गेले. दुकानदार समंजस होता. त्याने दोन्ही रिकामी रिव्हॉल्व्हरं आळीपाळीने बाबांच्या कमरेला लावून त्यांना खुर्चीत बसायला सांगितलं. आखूड नळीचं लावून बाबा बसले, उठले, पुन्हा बसले. काही त्रास नाही. सदऱ्याखाली तर पत्ताच लागत नव्हता. लांब नळीचं लावून बसले आणि "आई गं" म्हणून उठले. नळीचं टोक मांडीत, दस्ता पोटात.

"आखूडच घ्या, बाबा," मी म्हटलं.

"पन हे दिसतच नाई ना कोनाले," बाबा हळूच म्हणाले. चेहरा शाळकरी पोरासारखा झाला होता.

तेव्हा मला कळलं की हे अस्वलासाठी चाललेलं नाही. पारावर बसलेल्या त्या सात-आठ जणांना काहीतरी नवीन दिसायला हवं होतं, म्हणजे जुनं पुसलं गेलं असतं. मला बाबांची दया आली, हसूही आलं, आणि आम्ही चार इंची नळी घेऊन घरी आलो.

त्या उन्हाळ्यात बाबा जेवढ्या लग्नांना गेले तेवढ्या सगळ्या लग्नांत उभ्यानेच जेवले. पंगत असली तरी बुफेसारखं ताट हातात घेऊन फिरायचे. लोक रामराम घालायचे तो आधी चामडी कव्हराला आणि मग बाबांना. डोंगराकडच्या वावरात मात्र अजूनही आईच जात होती. "पेरनी झाली का जातो," मग "पोळा झाला का जातो."

पोळा झाला आणि निवडणूक लागली. निवडणूक लागली की परवान्याचं हत्यार ठाण्यात जमा करावं लागतं. बाबांनी रिव्हॉल्व्हर जमा केलं, पावती घेतली, आणि रिकामं कव्हर कमरेला तसंच ठेवलं. ते लुळं पडू नये म्हणून त्यात दाणे काढलेलं मक्याचं कणीस खुपसलं. लांब कव्हरात ते अगदी नेमकं बसलं. हत्यारं जमा झालीत हे गावात सगळ्यांना माहीत होतं, तरी कोणी काही बोललं नाही. आमच्याकडे अशा बाबतीत लोक फार सभ्य आहेत, समोर तरी.

दिवाळीच्या सुटीत मी घरी होते. दुपारी वावरातल्या दोन बाया धापा टाकत अंगणात आल्या. "काकाजी, तुरीत अस्वल हाय. आमी पळालो. काकी तथीच राह्यली."

काकी म्हणजे आई. बाबा पायात काही न घालता निघाले. गुडघे बिडघे सगळं विसरून. मी मागे. बोरीपर्यंत मला त्यांना गाठता आलं नाही, आणि बोरीपाशी ते थबकले. पुढे पुरुषभर उंच तूर, आत काही दिसत नव्हतं. आणि टमरेलाचा आवाज नव्हता. तो नसणं किती भयंकर असतं, ते मला तेव्हा कळलं.

बाबांनी आईला हाक मारली. मग त्यांनी कमरेला हात घातला, कव्हरातून जे निघालं ते तुरीवर रोखलं, आणि तसेच आत शिरले.

तूर हलली. समोरून आई आली, डोक्यावर गवताचा भारा, हातात टमरेल. ती बाबांकडे बघत राहिली, मग त्यांच्या हातातल्या कणसाकडे.

"भाजून देऊ काय?" ती म्हणाली.

मला हसू फुटलं, पण बाबा रडत होते. उघड, हुंदके देत. "आवाज काऊन नोता व? टमरेल काऊन नाई वाजवलं?"

"हात थरथर कापून राह्यले होते," आई म्हणाली. "विळा धरवत नोता."

"तुले भेव लागते?"

"लागते ना. दोन सालापासून रोजच लागते." तिने भारा खाली टाकला. "नळीचं साऱ्या गावाले पुसलं तुमी. मले हे कधी पुसलं?"

बाबांनी मान खाली घातली. मीही. माहितीपत्रक मोठ्याने वाचून दाखवणारी मीच होते.

निवडणूक होऊन गेली, निकाल लागला. रिव्हॉल्व्हर घेऊन जा म्हणून ठाण्यातून दोनदा फोन आला. बाबा जातो म्हणतात. सकाळी मात्र ते आईबरोबर डोंगराकडे निघतात, दोन पावलं पुढे, हातात टमरेल. वाट पारावरूनच आहे, आणि ते तिथूनच वाजवायला सुरुवात करतात.