हाक आली म्हणून थांबल्या

"बें करा बघू."

माईकवर. सकाळच्या परिपाठाला. अख्ख्या शाळेसमोर.

बोलणारे आमच्या संस्थेचे सेक्रेटरी. सगळे त्यांना आबासाहेब म्हणायचे. समोर माझ्या क्रॉस कंट्रीच्या सहा पोरी रांगेत उभ्या. आदल्या दिवशी जिल्ह्याची स्पर्धा हरून आलेल्या.

"पळता पळता ह्या थांबल्या," आबासाहेब शाळेला सांगत होते. "का थांबल्या? तर कळपातलं एक कोकरू मागं राहिलं म्हणून! मेंढरंच ती. चला, आवाज काढा."

पोरं हसली. मास्तर लोक हसले. काही तोंडावर रुमाल धरून हसले, ते लई शहाणे. मग आबासाहेब माझ्याकडं वळले.

"मॅडम, लाजतायत ह्या. तुम्हीच काढून दाखवा. तुमच्या घरातलाच आवाज हाय."

मी काही बोलायच्या आत रांगेतून आवाज आला. "बें."

काजल. आठवीतली. टीममधली सगळ्यात बारकी. पाय सुजलेला, त्याला फडकं बांधलेलं. मोठ्या माणसानं सांगितलं म्हणून तिनं केलं. मोठ्यांचं ऐकायचं, हे आम्हीच शिकवतो ना पोरींना! तिनं आवाज काढला आणि मैदान असं काही हसलं, की आपण काय केलं ते तिला तेव्हा कळलं. तिनं मान खाली घातली. ती मान मला अजून दिसते.

मी खेळाची मॅडम. तासिका तत्त्वावरची, म्हणजे आज आहे, उद्या नाही. जात धनगर. लपवायचं काय त्यात? माझा बाप पाचोडकडून मेंढरं घेऊन निघायचा तो इथं शहराबाहेरच्या पडेगावच्या माळापर्यंत यायचा. दुष्काळ पडला. मग पुन्हा पडला. चारा नाही, पाणी नाही. मेंढरं विकली आणि बाप इथंच राहिला, बिल्डिंगींवर विटा वाहायला. शहर तर आमच्या अंगावरच चालून आलं. काल जिथं मेंढरं चरत होती तिथं आज प्लॉटिंगचे दगड. माळाच्या कडेला आमच्यासारख्यांची वस्ती झाली. माझी टीम त्या वस्तीतली.

टीमसाठी पळायला कोण येतं, असं आधी मी शाळाभर विचारून बघितलं होतं. औरंगपुऱ्यातल्या दुकानदारांच्या पोरी रिक्षानं शाळेत यायच्या, त्यांना ऊन लागायचं. वस्तीवरच्या पोरींना विचारलं तर त्या हसायलाच लागल्या. "मॅडम, पाण्याच्या टँकरमागं रोज पळतो की. ते फुकट जातं, हे तरी कामाला येईल."

क्रॉस कंट्री म्हणजे मैदानात गोल गोल पळणं नाही. माळ, चढ, नाला, दगडधोंडे, सगळं तुडवत जायचं. आणि ते टीमचं असतं. पहिल्या चौघींचे नंबर धरतात, त्यावर निकाल. मागं राहिलेलीसाठी थांबायची गरजच नाही. हे मी त्यांना सांगितलं होतं. पण त्यांच्या अंगात दुसरंच मुरलेलं. मेंढरं घेऊन चालताना मागच्यानं हाक दिली की पुढच्यानं थांबायचं. का, कशाला, विचारायचं नाही. कोकरू अडकलं असेल, लांडगा आला असेल, म्हातारी पडली असेल. जो थांबला नाही त्याला संध्याकाळी भाकर नाही. आमची पोरं पाय फुटल्यापासून हे शिकतात. मीही शिकले.

स्पर्धेत आमच्या दोघी सगळ्यांच्या पुढं होत्या. मी शेवटच्या चढावर उभी, नाचायचीच बाकी. तेवढ्यात खाली कोरड्या नाल्यात काजलचा पाय मुरगळला आणि ती ओरडली, "थांबा गं!"

झालं. पाचीच्या पाची थांबल्या. पुढच्या दोघी माघारी फिरल्या. मी घसा फुटेस्तोवर ओरडले, "पळा! पळा गं भवान्यांनो!" कुणी ऐकेना. दुसऱ्या शाळांच्या पोरी बाजूनं निघून गेल्या. आमच्या पोरी काजलला दोन्हीकडून धरून घेऊन आल्या. सगळ्यात शेवटी, आणि वर हसत हसत.

मी लई भडकले होते. शिट्टी फेकून दिली. "का थांबल्या?"

त्यांना माझा प्रश्नच कळेना. "मॅडम, तिनं हाक मारली ना."

माझा राग तिथंच विझला.

आणि दुसऱ्या दिवशी हा माणूस माईकवर त्या थांबण्याची चेष्टा करतो. तेही एका लेकराला जनावर करून.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काजलजवळ गेले, तिला माझ्या मागं घेतलं. माईक मागितला नाही. माझा आवाज माळावरचा आहे, त्याला माईक लागत नाही.

"आबासाहेब, ही शाळा उभी हाय ते रान कुणाचं?"

ते हसले. "आमचं."

"तुमचंच. त्या रानात माझ्या बापाची मेंढरं बसायची. तुमच्या घरून सांगावा यायचा, मेंढरं बसवा, रानाला खत पाहिजे. तुमच्या आईनं माझ्या आईची ओटी भरली, ती मी डोळ्यांनी बघितलीय. लेंड्या पाहिजे होत्या तवर आम्ही पाव्हणे. आता रानात इमारत झाली, तर आम्ही जनावरं व्हय?"

आबासाहेब दोन पावलं पुढं आले.

"मॅडम, नोकरी करायची ना?"

"करायचीय. पण आधी ह्या पोरीची माफी मागा."

"कुणाची?"

"काजलची. आत्ता. सगळ्यांसमोर."

माफी! हा शब्द त्यांना आयुष्यात कुणी ऐकवला नसावा. तोंड लाल झालं. माईक तसाच टाकून ते निघून गेले.

मग हेडमास्तरांनी ऑफिसात बोलावलं. माणूस वाईट नाही, पण कणा नाही. "मॅडम, एक सॉरी म्हणून टाका. साहेब मोठ्या मनाचे आहेत. फक्त टीम बदला म्हणतात. चांगल्या घरच्या पोरी घ्या."

"ह्या वाईट घरच्या का सर?"

"तसं नाही हो."

"मग कसं?"

ते पेपरवेट फिरवत बसले. मी सॉरी म्हटलं नाही. टीम बदलली नाही. उद्यापासून येऊ नका, असं मला सांगण्यात आलं. भीती वाटली नाही म्हणाले तर खोटं होईल. घर माझ्यावर होतं. शाळेच्या भिंतीआड उभी राहून पोटभर रडले. पण पाय माघारी वळला नाही.

संध्याकाळी वस्तीवर गेले. काजलच्या आईनं हंडा खाली ठेवला आणि माझ्यावरच उसळली. "बाई, पोर पळायला धाडली हुती. बकरू म्हणून नाचवायला नाय. आता नाय पळणार ती."

तिचं काय चुकलं? काहीच नाही. मी ऐकून घेतलं.

"मावशी, ती घरात बसली तर त्या माणसाचंच झालं."

"आन् पुन्हा हसले तर?"

"तर मी पुढं उभी राहीन. आज राहिले तशी."

"तुमची नोकरी गेली म्हणत्यात."

"गेली."

"मंग कुठं पळवणार?"

"माळावर. तो सगळाच अजून विकला गेला नाही."

तेवढ्यात काजल आतून बोलली. "मॅडम, आता कुणी पडलं तर थांबायचं नाय का?"

पोरीनं नेमकं धरलं. दिवसभर माझ्या डोक्यातही तेच होतं. हाक सोडा, असं मी त्यांना कधीच सांगणार नव्हते. "हाक आली तर ओ द्यायची आणि पळत राहायचं," मी म्हटलं. "पडलेलीला मी बघते. ते माझं काम."

ती लंगडत दारात आली. "मोठ्यानं द्यायची ओ?"

"लई मोठ्यानं."

पाय बरा झाला आणि ती आली. तिच्या आईनंच आणून सोडली. प्लॉटवाल्यांनी हाकललं की आम्ही पुढं सरकायचो, तिथून हाकललं की आणखी पुढं. नंतर एका खुल्या स्पर्धेत उतरलो, शाळा नाही, संस्था नाही. मागून हाक, पुढून ओ, असा सगळ्या माळावर आरडाओरडा. पंच चक्रावून बघत राहिले. आमची टीम पहिली आली.

मग हेडमास्तर वस्तीवर आले. आबासाहेबांचा निरोप घेऊन. पोरींनी पुन्हा शाळेच्या नावानं पळावं. बूट देऊ, ट्रॅकसूट देऊ, मॅडमना परत घेऊ. "झालं गेलं विसरा."

"झालं ते हिला झालं. हिलाच विचारा," मी म्हटलं.

काजल समोर उभी होती. ह्या वेळी मान ताठ. "त्यांनी आधी माझी माफी मागायची. सगळ्या शाळेसमोर."

"अगं, तसं कसं होईल?" हेडमास्तर माझ्याकडं बघत म्हणाले. आता मी तिला समजावीन अशी त्यांची आशा.

मी कशाला समजावू? ते होत नाही तोवर माझ्या पोरींच्या बनियनवर त्या शाळेचं नाव लागणार नाही. मी लागू देणार नाही.