सही येते म्हणून साक्षर

मंडळी, आज सकाळी टेंभी नाक्यावर हिराबाई भेटल्या. नव्वदच्या दशकात मी बाळकुमला एका संस्थेतर्फे बायकांचा साक्षरता वर्ग घ्यायचे. हिराबाई दिवसभर मासळी विकून संध्याकाळी पाटी घेऊन यायच्या.

तेव्हा संस्थेच्या मासिक अहवालात एकच प्रश्न असायचा: किती जणींना सही येते? मग मीही सहीच घोटून घेतली. वाचन राहून गेलं. माझ्या वर्गाचा पहिला नंबर आला, माझा सत्कारही झाला.

आज मी सहज विचारलं, "खाडीकडचं शेत आहे ना अजून?"

"नाय बाई. तेव्हाच गेलं. पुतण्यानं कागद आणला, मी सही केली. तो विकायचा कागद होता."

"कुणी वाचून नाही दाखवला?"

"मागनं माझ्या जावेच्या वाट्याचा कागद झाला, तिला कचेरीत वाचून दाखवला. ती अंगठेवाली ना. तिनं ऐकलं नि नाय म्हणाली. मला सही येत होती, मग मला कोण वाचून दाखवणार?"

वर मलाच म्हणाल्या, "तुमच्यामुळं नाव तरी लिहिता येतं."

त्या जुन्या अहवालात हिराबाई अजूनही माझ्या यशात मोजलेल्या आहेत. ते नाव आता कुठे जाऊन खोडू, सांगाल का कुणी?